गाडीतलं गोडं पाणी

सासूबाईंची चप्पल भिजली, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. एप्रिल महिना, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि गाडीत डाव्या बाजूला, पायाखालच्या गालिच्यात पाणी. पाय टेकला की पचक् असा आवाज यायचा. आमच्या घरात काही बिघडलं की आधी आरोपी ठरतो आणि मग तपास सुरू होतो. गाडी मी चालवते, त्यामुळे आरोपी शोधायला कुणाला वेळ लागला नाही.

"फेरीबोटीत अगदी पुढे लावतेस ना? लाट आली असेल आत," नवरा म्हणाला.

आम्ही दिवेआगरला वाडीत राहतो. मी शाळेत शिकवते, नवरा नारळ-सुपारी बघतो. महिन्यातून एकदा मी सासूबाईंना अलिबागला डोळ्यांच्या दवाखान्यात नेते. दिघीला गाडी फेरीबोटीत चढवायची, आगरदांड्याला उतरवायची आणि मुरुडवरून पुढे जायचं. सासूबाईंचा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजव्यावर त्यांनी सगळा संसार केला आणि आता त्याच डोळ्याच्या पडद्याला सूज आलेली. दर महिन्याला इंजेक्शन. डॉक्टरांनी बजावलं होतं की खंड पडू देऊ नका, एकदा गेलेली नजर परत आणता येत नाही. एसटीत त्यांना उलट्या होतात, म्हणून ही जुनी गाडी घेतलेली. तेव्हा गाडीत पाणी म्हणजे आमच्यासाठी थट्टेची गोष्ट नव्हती.

खारं पाणी असेल तर पत्रा सडणार, या विचाराने माझा चेहरा पडला. तेवढ्यात सासूबाईंनी खाली वाकून गालिच्यात बोट बुडवलं आणि मी ओरडेपर्यंत जिभेला लावलंसुद्धा. त्यांचं माहेर पेणकडचं, मिठागरवाल्यांचं.

"गोडं हाय," त्या म्हणाल्या. "समुद्राचं न्हाय ह्ये."

"आई, थुंका आधी ते!"

त्या थुंकल्या, पण निकाल बदलला नाही.

मग गावातल्या गॅरेजवाल्याकडे गेलो. तो मुख्यतः रिक्षा आणि मोटारसायकली दुरुस्त करणारा, पण हौशी माणूस. त्याने दारांचे रबर तपासले, टपावर पाइप धरला, काचेवर बादल्या ओतल्या. मी आत बसून वाट पाहत होते. आत टिपूससुद्धा आला नाही. इंजिनाचं पाणी हिरवं असतं आणि हे स्वच्छ, म्हणून तोही संशय गेला. शेवटी त्याने काचेच्या कडेला सिलिकॉन भरलं आणि "आता बिनधास्त जा" म्हणाला. दोन दिवसांनी गालिचा पुन्हा चिंब. माझी चिडचिड एवढी वाढली, की वर्गात पोरं माझ्या वाटेला जाईनाशी झाली.

ओलीबरोबर वासही आला. कुबट, भिजल्या गोणपाटासारखा. मी दारं उघडी ठेवली, लिंबं ठेवली, अगरबत्ती लावली. त्याने फक्त कुबट अगरबत्तीचा वास आला.

मे महिन्यातल्या तारखेला आम्ही निघालो. दिघीच्या जेटीवर पोचेपर्यंत सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुट्टीची गर्दी, फेरीबोटीसाठी लांब रांग. त्यांनी दार उघडलं आणि तिथेच ओकल्या. मग कठड्याच्या सावलीत जाऊन बसल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मागं फिरव गाडी. माझ्यानं न्हाय व्हायचं."

"आई, इंजेक्शन चुकवून चालणार नाही."

"चुकू दे. घरातल्या घरात मी आंधळी पण वावरंन. वाडी पायाला पाठ हाय माझ्या."

मला रडू आलं आणि रागही आला. त्यांचा नाही, त्या पाण्याचा. पन्नाशीला आलेली बाई मी, आणि माझ्याच गाडीत पाणी कुठून येतं ते मला सांगता येऊ नये? मी खाली मान घालून उभी राहिले, आणि तेव्हा ते दिसलं.

जेटीला समुद्राकडे उतार आहे. रांगेतल्या गाड्या एसी चालू ठेवून उभ्या होत्या आणि प्रत्येक गाडीच्या पोटाखालून पाण्याची एक बारीक रेघ निघून उताराने खाली चालली होती. पुढच्या गाडीखालून, मागच्या गाडीखालून, पार शेवटच्या टेम्पो ट्रॅव्हलरखालून. आमचाही एसी चालूच होता, पण आमच्या गाडीखालचं सिमेंट कोरडं ठणठणीत होतं.

मी घाईघाईने सासूबाईंना गाडीत बसवलं, एसी बंद केला, चारही काचा उघडल्या आणि घरी परत आले. दवाखान्यात फोन करून आठवड्यानंतरची वेळ मागून घेतली. डॉक्टरांनी सांगितलं, त्यापुढे एक दिवसही नको.

संध्याकाळी नवरा मोबाइलचा उजेड घेऊन गाडीखाली आडवा झाला. मी बाहेरून सूचना देत होते, ज्या त्याला नको होत्या. त्याला एक आखूड रबरी नळी सापडली. एसीचं पाणी तिथून खाली पडायला हवं, पण तिचं तोंड बुजलेलं.

"खराट्यातला हीर दे," तो म्हणाला.

नारळाच्या पातीचा तो हीर त्याने आत सारला, फिरवला, आणि भळकन सगळं पाणी त्याच्या तोंडावर आलं. त्याने शिवी दिली. मी आणि सासूबाई पोट धरधरून हसलो. पाण्याबरोबर एक मातीचा गोळा पडला होता. मी तो तळहातावर घेतला आणि माझं हसू थांबलं.

ते घर होतं. बोटाच्या पेराएवढं, आतून गुळगुळीत सारवलेलं. आत दोन हिरव्या अळ्या ठेवलेल्या, जिवंत पण निपचित, जन्माला येणाऱ्या पिल्लाच्या खाऊसाठी. सासूबाईंनी ते डोळ्याजवळ नेलं, नंतर बोटाने चाचपलं.

"कुंभारीण गो. मातीची घरं करते ती माशी." मग मिस्कीलपणे आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हिनं घर केलं की पाळणा हलतो म्हणतात. या वयात काय करताय, बघा बाबा."

मी लाजायचं सोडून मातीकडेच पाहत होते. आमच्या वाडीतली माती करडी, रेताड. हा गोळा लालभडक होता. लाल मुरूम आम्ही एकाच ठिकाणी टाकला आहे, गाडी उभी राहते तिथे, तिच्याखाली. त्या कोरड्या दिवसांत तो भिजणार कशाने? गाडीतूनच ठिबकलेल्या पाण्याने. म्हणजे त्या एवढ्याशा जिवाने गाडीखालचाच चिखल उचलला होता आणि ज्या तोंडातून पाणी पडत होतं त्याच तोंडात घर बांधलं होतं. इतके दिवस मागे पाणी तुंबलं, तरी तिची भिंत विरघळली नव्हती. आमच्या गॅरेजवाल्याचं सिलिकॉन तिच्यापुढे काहीच नाही, असं मी मनापासून म्हणते.

मग नवऱ्याने गाडी चालू करून एसी लावला. थोड्या वेळाने नळीतून थेंब पडू लागले. सासूबाई हळूहळू खाली बसल्या आणि तळहात पुढे केला.

"ह्ये पाणी येतं कुठून पण?"

"हवेतून," मी म्हणाले. "हवा दमट असते ना, ती आत गार झाली की तिचं पाणी होतं."

 तळहातात पाणी साचत होतं.

"आमच्या मिठागरात पाणी उडून जायचं, मीठ खाली राह्याचं," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळी मिठाकडं बघायचो. उडालेलं कुठं जातं ह्ये कुणी इचारलंच न्हाय कधी."

मी शाळेत बाष्पीभवन कितीदा तरी शिकवलं आहे. फळ्यावर समुद्र काढायचा, बाण काढायचा, ढग काढायचा. त्या संध्याकाळी पहिल्यांदा माझ्या अंगावर काटा आला.

गालिचा काढून खळ्यात, सुपाऱ्या वाळतात तिथे, उन्हात टाकला. वास गेला. आठवड्याने आम्ही निघालो आणि सासूबाई आगरदांड्याच्याही पुढे, थेट अलिबागपर्यंत, शेंगदाणे खात आल्या. इंजेक्शन झालं. पुढच्या महिन्यातही झालं.

त्यानंतरची ही गोष्ट. शाळा सुरू झाल्या होत्या. सकाळी पावसाने उघडीप दिली म्हणून मी डबा घेऊन निघत होते. सासूबाई मागच्या दारात, सुपारीच्या झाडांकडे बघत उभ्या होत्या.

"या पोफळी कधी सरळ केल्यात?" त्यांनी विचारलं.

"कुठल्या, आई?"

"ह्या सगळ्या. वाकल्या होत्या ना."

मला कळेना. गेल्या वर्षीच्या वादळात आमची अर्धी वाडी आडवी झाली होती, पण ज्या पोफळी वाचल्या त्या आजही काठीसारख्या ताठ आहेत. "त्या सरळच होत्या, आई," मी म्हणाले. "नेहमी."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "मला वाटलं, वादळात मुळं हलली असतील. आता एकेक करून पडतील सगळ्या. म्हणून तुम्हाला काय बोलली न्हाय."

डोळ्याचा पडदा सुजला की सरळ रेघही वाकडी दिसते, असं डॉक्टर म्हणाले होते, ते मला आत्ता आठवलं. वर्षभर ही बाई रोज सकाळी दार उघडून कोसळायला आलेली वाडी पाहत होती आणि आम्हाला त्रास नको म्हणून गप्प राहिली होती. 

त्या पायरी उतरल्या. पहिल्या पोफळीला हात लावला, मान मागे टाकून शेंड्यापर्यंत पाहिलं. मग दुसरीपाशी गेल्या, मग तिसरीपाशी. मी डबा धरून दारातच उभी राहिले. त्या दिवशी शाळेला उशीर झाला.