कुसुमचा चुकलेला टाका

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तरुणपणी तर मी इतकी शहाणी होते, की जिवंत माणसाच्या दुखण्यावरही विश्वास ठेवत नसे... ते माणूस म्हणजे माझी धाकटी जाऊ, कुसुम.

चाकणजवळच्या आमच्या गावी आम्ही दोघी दुपारी गोधडी शिवायला बसायचो. तिच्या हातातून सुई गळायची, एका डोळ्याने अंधुक दिसायचं, चालताना तोल जायचा. मी म्हणायचे, "कामं टाळायची नाटकं!" वर गोधडीच्या कडेला बसून मुद्दाम हलायचे. ती हसून म्हणायची, "हलू नगं आक्का, टाका चुकंल." पुढे ती अंथरुणाला खिळली... आणि गेली.

गेल्या वर्षी माझ्या नातीच्या, ऋतुजाच्या हातातून कंपनीत पार्ट निसटायला लागले. सुपरवायझर म्हणे, "मॅडम, लक्ष कुठंय?" मला कुसुमच्या हातातून गळणारी सुई आठवली. डॉक्टरांना एमएसचा, म्हणजे मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजवणाऱ्या आजाराचा संशय होता. पण पहिल्या एमआरआयच्या वेळी तिचा पाय सारखा उडत राहिला आणि चित्रं पुसट आली. खात्री झाल्याशिवाय उपचार ठरेनात. म्हणून पिंपरीत नव्या, जास्त ताकदीच्या मशीनवर पुन्हा तपासणी ठरली. पाऊण तास अजिबात हलायचं नाही!

मी तिचे कानातले मुठीत धरून बाहेर बसले. ती आली ती विचारतच, "आजी, तुला आत कसं सोडलं?"

"मला? मी इथंच बसलेय की गं!"

"मग कोण बोलत होतं? मशीन ठोकायला लागलं की पाय उडणार, तेवढ्यात बाईचा आवाज यायचा — हलू नगं पोरी, टाका चुकंल."

टेक्निशियन म्हणाला, "आत कुणीच नव्हतं आजी. माइकवर मीच होतो."

कुसुमचं ते 'टाका चुकंल' मी घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटायची.

डॉक्टरांनी स्क्रीनवर पांढरे डाग दाखवले. बऱ्याच डागांच्या मधोमध केसासारखी बारीक शीर — टाक्यातून दोरा जावा तशी. म्हणाले, "या शिरेमुळे एमएसची खात्री झाली. ऋतुजा जरा हलली असती तर शीर दिसली नसती." उपचार सुरू झाले. आजार जाणार नाही, पण आवरता येईल म्हणतात.

कुसुमला तेच होतं का, कोण सांगणार? तिच्या दुखण्याला मी ठेवलेलं 'नाटक' हेच नाव शेवटपर्यंत राहिलं.

परवा ट्रंकेतून तिची गोधडी काढली. टाके आधी सरळ, मग भरकटत गेलेले. माझ्या हलण्याने चुकलेले कोणते नि आजाराने कोणते, आता ओळखू येत नाही.

आत कोण बोललं, तेही अजून कळलेलं नाही. तीच असेल... तर माझ्यावरचा राग कुठं ठेवून आली?