कौसल्याबाईचा कान

२०२२ साल. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा, आणि बालाघाटच्या आमच्या वार्डात कोणाचंही न ऐकण्यासाठी प्रसिद्ध. शाळा दुसरीपर्यंतच, पण माझा शब्द कोणी खाली पडू दिला नाही. अंगणवाडीच्या कौसल्याबाईपुढे मात्र तो रोज पडायचा.

या बाईची एक सवय होती. कोणाच्याही घरात शिरली की आधी पोराला धरायची, त्याचा सदरा वर करायची आणि पाठीला कान लावायची. आम्ही बोलत असलो तर हात वर करून म्हणायची, "चूप राहा जी, पोरगं बोलून राह्यलं." गुदगुल्यांनी पोरगं खिदळायचं, मग बाईही हसायची, आणि पुन्हा कान लावायची. आता ती रिटायर होऊन गोंदियाला लेकाकडे राहते. तरी तिचा फोन आला की म्हणते, "तुमचं राहू द्या, फोन पोराच्या पाठीले लावा."

त्या वर्षी वार्डामागच्या राइस मिलमध्ये बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, गोदामाला आग लागली. ज्वाळा विझल्या, पण शेजारचा भुशाचा डोंगर आतून धुमसतच राहिला. वार्डावर पिवळट धूर बसला आणि घरोघरी पोरं खोकू लागली. माझा मुलगा अन् सून नागपूरला बांधकामावर. चार वर्षांची नात परी माझ्याजवळ. तिचा खोकला थांबेना, म्हणून मी आमच्या रीतीनं शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकला आणि तिला धुरी द्यायला बसलो. तेवढ्यात बाई आली. तिनं तांब्याभर पाणी शेगडीत ओतलं.

"बाबाजी, बाहेरचा धूर कमी पडला का तुमाले, म्हणून घरचा बनवून राह्यले?"

"माह्या मायनं आमाले हेच देऊन वाढवलं."

"हौ, म्हणूनच तुमी असे निघाले."

परी हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. बाईनं पाठीला कान लावला. या वेळी ती हसली नाही. "आत शिट्टी वाजून राह्यली. चाला दवाखान्यात."

तिथे डॉक्टरनं मशीननं वाफ दिली, औषध दिलं आणि बजावलं, पोरीला या धुरातून बाहेर काढा, नाहीतर दम वाढेल.

बाहेर काढायचं म्हणजे लामत्याला, माझ्या लेकीकडे, शोभाकडे. पण परी माझ्याशिवाय झोपत नाही, आणि आमच्यात बाप लेकीच्या घरी पाणी पीत नाही. शोभाच्या लग्नापासून मी तिच्या अंगणातूनच परत फिरणारा माणूस.

"शोभाले फोन करतो. ते येऊन घेऊन जाईन पोरीले," मी म्हणालो.

"पोट्टी रात्रभर रडन तुमच्यासाठी. रडली का पुन्हा दम. तुमी काहून नाही जात?"

"लेकीच्या घरी राहू? इज्जत हाय माही."

"ते इज्जत ठेवा वलनीवर वाळत. कोनी चोरत नाही."

मी पण हटलो नाही. "बरं, जातो. पण माहं पानी मी संगं नेईन. डबाभर."

"न्या ना," बाई म्हणाली. "आन् हवा? ते त लेकीच्याच गावची घ्यान."

दवाखान्याच्या पायरीवर बसून बाई पदर तोंडाला लावून हसत होती, परीही तिच्या मांडीवर हसत होती, आणि हसताना बरगड्या आत जात होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं मी परीला घेऊन लामत्याला उतरलो. शोभानं पोरीला कडेवर घेतलं, माझ्यासाठी नेहमीसारखी अंगणात खाट टाकली आणि पाणी न विचारता आत वळली. मी तिच्या मागोमाग घरात गेलो, चुलीजवळ बसलो आणि पाणी मागितलं.