काकांची जन्मजात पिशवी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या लहान आतड्याला जन्मापासून एक जादा पिशवी होती. साठ वर्षं तिने कुणाला त्रास दिला नाही. ऑपरेशन करून ती काढली आणि अख्ख्या बिल्डिंगला तिचा त्रास सुरू झाला. "जन्मजात बरं का, अरबटचरबट खाऊन झालेली नव्हे," असं ते खानदानी दागिन्याबद्दल सांगावं तसं सांगत आणि लगेच सदरा वर करत. सत्यनारायणाला प्रसाद वाटता वाटता त्यांनी टाक्यांचंही दर्शन घडवलं. माझा शिरा द्रोणातच राहिला.

गेल्या महिन्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या पोटात तसलीच पिशवी निघाली. ऑपरेशनच्या सकाळी काका हॉस्पिटलात हजर! म्हटलं, वाट लागली, आता भाषण. पण ते रडणाऱ्या पोरीसमोर नुसता सदरा वर करून उभे राहिले. तिने व्रणावरून हळूच बोट फिरवलं.

"दुखतं?"

"छे गं, गुदगुल्या होतात."

ती खुदकन हसली. तेवढ्यात तिला आत नेलं आणि दार बंद झालं.

"काका," मी म्हणालो, "जरा मलाही दाखवता?"