शालन टीचर आणि मागच्या खोलीतलं वायफाय

शालन टीचर स्टाफरूममध्ये शिरली की आधी चपला काढायची, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि डोळे मिटून घ्यायची. कुणी बोलायला गेलंच तर डोळे न उघडता कोंकणीत म्हणायची, "पांच मिनटां म्हाका कोणूच नाका." पाच मिनिटं मला कुणीच नको. नव्या लागलेल्या शिक्षिकांना ते फार लागायचं. आम्ही जुनी माणसं तिची पिशवी बाजूला सरकवून चहा घेत बसायचो. लाटंबार्शाहून डिचोलीपर्यंत बसमध्ये उभ्याने यायचं, आणि त्याआधी घरातलं काय काय उरकून निघायचं, हे आम्हाला ठाऊक होतं.

तिचे यजमान दत्ताराम खाणीवर टिपर चालवायचे. खाण बंद पडली आणि ते घरी बसले. पुढे एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. दोन-चार शब्द तेवढे उरले. मुलगी पुण्याला नोकरीला, म्हणजे घरात ही दोघंच. टीचर नजरेआड झाली की ते डाव्या हाताने स्टीलचा पेला पलंगाच्या कडेवर आपटायचे. दर वेळी पाणीच हवं असायचं असं नाही. ती कुठे आहे एवढंच त्यांना हवं असायचं. "पेलो वाजलो काय हांव धांवतां," ती सांगायची. "ताचे परस शाळेची घंटा बरी. ती मारून जाली काय थांबता तरी." ती शाळेत असायची तेवढा वेळ शेजारची एक बाई त्यांच्यापाशी बसायची. साथ आली आणि ते येणंही थांबलं.

त्याच दिवसांत शाळा सगळ्यांच्या घरात आली. मोबाइलवर मुलांच्या वह्या बघून तिचं डोकं ठणकायचं, म्हणून मुलीचा कॉलेजातला डेस्कटॉप तिने मागच्या खोलीत मांडला. ती खोली म्हणजे काजूबिया आणि सुके नारळ ठेवायची जागा. तिने ती झाडली, सारवली, एक मेज आत ढकललं, जनेलाला धुतलेला पडदा लावला. वायफायचा डबा मात्र पुढच्या खोलीत, यजमानांच्या उशाशी. बसवायला आलेल्या माणसाने वायर जिथवर पुरली तिथवर आणली आणि तो गेला. डेस्कटॉप जुना, त्याला आपणहून वायफाय पकडायची सोय नव्हती. मग मला फोन. विज्ञान शिकवणाऱ्याला सगळ्या यंत्रांतलं कळतं असा आमच्या शाळेचा समज आहे. त्यापायी मी लोकांचे मिक्सरसुद्धा उघडून बसलो आहे.

बंदी थोडी सैल झाल्यावर मी गेलो, पाहिलं आणि लगेच निकाल देऊन टाकला. "टीचर, कॉम्प्युटर उचलून पुढच्या खोलीत ठेवूया. डब्यापासून हातभर केबल लावली की झालं. यजमानही डोळ्यांसमोर राहतील."

"ना सर. थंय ना."

"का पण?"

"थंय ना म्हणटां न्हय? दुसरें कितें तें सांगात."

उन्हातून स्कूटर मारत गेलेल्या माणसाला असं उत्तर मिळालं की काय वाटतं ते विचारू नका. तरी सांगितलं. मागे खोचायचा बोटभर डोंगल: स्वस्त, तोडफोड नाही, पण मध्ये जांभ्या चिऱ्याच्या दोन जाड भिंती. आत बसवायचं कार्ड: जोर जरा जास्त, भिंती त्याच. मोबाइलचं हॉटस्पॉट: मुलीशी बोलायला फोन उचलून ती पुढे गेली की इकडे वर्ग गुल. आणि शेवटी लांब केबल, सगळ्यांत भरवशाची. तिच्यासाठी पुढच्या खोलीच्या भिंतीला, यजमानांच्या डोक्याशीच, भोक पाडावं लागणार होतं. तिने तोंडी परीक्षा घेतल्यासारखं सगळं ऐकून घेतलं. "डोंगल हाडात," म्हणाली. डोंगलच आणा. केबलच बरी असं मी दोनदा बोललो, तरी डोंगलच.

म्हापशाहून डोंगल आणून दिला. वर्ग सुरू झाला आणि टीचर कविता म्हणता म्हणता तोंड उघडं ठेवून थिजायला लागली. एका मुलाने विचारलं, "टीचर, तुमी आसात मूं?" आहात ना? हे मला सांगताना ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग कार्ड झालं. त्याने थोडा फरक पडला, पण सकाळचं वाक्य दुपारी पोचावं असा तो फरक. पालकांनी हेडमास्तरांकडे कुरकुर केली. हेडमास्तर म्हणाले, घरून जमत नसेल तर शाळेत येऊन वर्ग घ्या. शाळेत जायचं तर यजमानांपाशी कोण?

मी पुन्हा गेलो तो वैतागूनच. "टीचर, आता हट्ट पुरे. पुढे बसा. नोकरीचा प्रश्न आहे."

ती नारळांच्या पोत्यावर टेकली. खूप दमलेली दिसत होती. म्हणाली, "सर, सकाळीं उठल्यार तांकां न्हाणयतां, भरयतां, कूस परततां. ताचें म्हाका कांय ना, घोव म्हजो. पूण त्या खोलींत हांव नर्स. हांगा हांव टीचर. दिसाक इतलें तरी म्हाका जाय." दिवसातून एवढं तरी तिला हवं होतं.

"मग केबलच घालूया की. भिंत फोडू."

"तांचे उशाकडें? तांकां सगळें समजता, सर. बायल आपल्यापसून पयस बसपाक भिंत फोडटा, हें कळचें ना तांकां?"

बायको आपल्यापासून लांब बसायला भिंत फोडते, हे त्यांना कळू नये एवढंच तिला हवं होतं; तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डोंगल काय, कार्ड काय, त्यांचं काम भिंतीतून गुपचूप चालतं. केबल दिसते. ती इतके दिवस न दिसणारी वाट शोधत होती, आणि मी तिला सिग्नल समजावत होतो. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच यजमानांना सांगितलं. मी टेप हातात धरून दाराशी उगाचच उभा. ती पलंगावर बसली आणि आडवळण न घेता म्हणाली, "आयकतात मूं? हांव फाटल्या खोलींत बसून शिकयतलें. हांगा बसप म्हाका जमना. तारेखातीर भिंतीक बुराक मारचो पडटलो."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने पेला उचलला. आता आपटणार असं मला वाटलं. त्यांनी तो तिच्या हातात दिला.

"व्हर," म्हणाले. घेऊन जा. उरलेल्या शब्दांतला तो एक.

इलेक्ट्रिशियनने भोक पाडलं तेव्हा धूळ जाऊ नये म्हणून तिने त्यांच्या तोंडावर ओला टॉवेल धरला होता. त्यानंतर तिचा वर्ग कधी थिजला नाही. वर्ग चालू असेतो पेला तिच्या मेजावर असायचा, पेनं ठेवायला; वर्ग संपला की धुऊन परत त्यांच्या उशाशी. त्या वेळेपुरती तरी ती धावली नाही. मुलं म्हणायची, टीचर हल्ली रागावत नाही.

शाळा पुन्हा भरायला लागल्यावर थोड्या काळाने यजमान गेले. टीचरने उरलेली वर्षं नोकरी केली. निवृत्त झाल्यावर मुलगी तिला पुण्याला न्यायला आली, तेव्हा कॉम्प्युटर शाळेला द्यायचा म्हणून तिने मला बोलावलं. मागच्या खोलीला कडी होती. टीचर पुढे, रिकाम्या पलंगाच्या कडेला बसली होती, नुसतीच.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "एवढी भांडून मिळवलेली खोली टीचर, आणि तुम्ही तिथे बसतही नाही?"

"ती खोली आतां कित्याक जाय, सर?" कशाला हवी, ती म्हणाली. "आतां अख्खें घरूच तशें जालां."