डावा पट्टा, उजवा पट्टा

रविवार, दसरा होऊन चार दिवस. हजर: मी, नवरा, सासूबाई आणि पेंटर. ठिकाण: सासूबाईंची खोली. काम: भिंतीवरच्या दोन पट्ट्यांपैकी एक निवडणे. डावा सायीसारखा, उजवाही तसाच, पण किंचित बदामी.

हे आदल्या रविवारीच संपायला हवं होतं. खोली त्यांची, तेव्हा रंग त्यांनीच निवडायचा, असं मीच ठरवून बसले. वहीत नोंद आहे: सोमवारी उजवा, मंगळवारी डावा, बुधवारी "दोन्ही एकच हाईत की, कशाला छळतीस?"

नवरा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई म्हणेल तो."

पेंटर शिडीला टेकला होता. "वहिनी, दिवाळीआधी अजून तीन घरं हाईत माझ्याकडं. कायतर एक सांगा की."

"आई, शेवटचं विचारते. कुठला?"

त्यांनी पदराने डावा डोळा झाकला. "उजवा पट्टा जरा पिवळा हाय." मग उजवा डोळा झाकला. "आता दोन्ही चहागत."

माझं पेन थांबलं. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. डावा राहिला होता, पण "झकास दिसतंय" म्हणत त्यांनी तो टाळला. आणि गॅस सिलिंडरची तारीखसुद्धा लिहून ठेवणाऱ्या मी त्या एका शब्दावर यादीतली ओळ खोडून टाकली होती.

"वर्षभर बोलला का नाहीत?"

"तू इचारलंस कुठं? तू रंग इचारतीयास."

"आजी, आधी डोळा करून घ्या," पेंटर हसत म्हणाला. "भिंत कुठं पळून जात न्हाय." शिडी उचलून तो पुढच्या घरी गेला.

मी नवी यादी केली. एक, डोळ्याची तारीख घेणे. दोन, रंग. सोमवारी फोन हातात घेतला, तर सासूबाई म्हणाल्या, "गडहिंग्लजची बहीण येणार हाय, ती जाऊ दे." बहीण आली, चार दिवस राहिली, गेली. मग दिवाळी तोंडावर आली. फराळही त्या दोन पट्ट्यांसमोरच झाला.

काल मी वैतागून म्हणाले, "आई, आता काय अडचण आहे?"

"मागच्या बारीला आत एकटीच हुतो मी," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तू भाईर वही घिऊन."

यादीत पहिल्या ओळीच्याही वर एक ओळ घातली: आत सोबत बसू देतात का, विचारणे. फोन अजून झालेला नाही.