मुके काका

आमच्या कबड्डी संघातल्या मुली माझ्या बाबांना मुके काका म्हणायच्या. सेलूच्या बाजारात हे कुणी ऐकलं असतं तर पोट धरून हसलं असतं. बाबा तिथे कापसाचा लिलाव पुकारायचे. गाड्यांच्या रांगेत एका टोकाला उभे राहून त्यांनी बोली पुकारली की दुसऱ्या टोकाच्या शेतकऱ्याला ती स्पष्ट ऐकू जायची. पण रविवारच्या सामन्याला मी मैदानात उतरले की हाच माणूस कडेला हाताची घडी घालून उभा राहायचा आणि सामना संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बाकीच्यांचे वडील मात्र “धर तिला, मागं हो” करत घसा बसवून घ्यायचे.

एकदा मी त्यांना विचारलंच, तुम्ही का ओरडत नाही? ते म्हणाले, “दिवसभर मालावर वरडतो गं. तू काय माल हायस का?”

हे शहाणपण त्यांच्याकडे पहिल्यापासून होतं असं नाही. मी सातवीत असताना आम्ही एक सामना हरलो. माझा पाय रेषेबाहेर गेला होता, ते मलाही कळलं होतं. घरी येताना बाबा सारखे सांगत राहिले की तुझं काहीच चुकलं नाही, पंचांनीच घोळ केला. मी चिडून म्हणाले, “तुमी खोटं बोलायलात.”  मला बरं वाटावं म्हणूनच ते बोलत होते, पण त्यांच्या त्या बोलण्यानं मला जास्तच एकटं वाटलं होतं. ते त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक, पण त्यानंतर त्यांनी माझी खोटी बाजू कधी घेतली नाही. हरून आले की एवढंच विचारायचे, “बोलायचंय का गप बसायचंय?” गप म्हटलं की खरंच गप बसायचे. परभणीच्या सामन्याहून परत यायला रेल्वेत बसलो की पेडगाव स्टेशन मागे पडायचं, मानवत रोड जवळ यायचं, बाबा खिडकीबाहेर बघत असायचे. मग कधीतरी मीच सुरुवात करायची. ते ऐकायचे, मध्ये एखादं “मग?” म्हणायचे. उपदेश नाही.

जिंकल्यावरही त्यांची एक रीत होती. आम्ही नाचायला लागलो की ते हळूच जवळ यायचे आणि हरलेल्या मुलींकडे नजर टाकून म्हणायचे, “जरा तिकडं जाऊन नाचा.”

माझ्या संघात रेखा नावाची मुलगी होती. तिचे वडील तापट. एकदा परतीच्या गाडीत ते तिच्या एकेक चुकीचा पाढा वाचायला लागले. रेखा मान खाली घालून नखं खात होती. बाबांनी थोडा वेळ ऐकलं आणि मग त्या गृहस्थांना सहज म्हणाले की यंदा कापूस ओला आला तरी भाव पडणार नाही. इतकं उफराटं विधान ऐकून ते गृहस्थ मुलीला विसरले आणि बाबांशी भांडायला लागले. सेलू येईपर्यंत वाद चालला. रेखा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. घराकडे चालताना मी म्हटलं, ओल्या कापसाचं तुम्हाला माहीत नाही होय? बाबा म्हणाले, “त्यांचं तोंड कुठंतरी गुंतवायचं होतं. पोरगी लय थकली होती.”

दहावीच्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई माझी होती. एक गडी बाद केला असता तरी बरोबरी झाली असती. मी पकडले गेले. आमच्या खेळाच्या सरांनी सगळ्यांसमोर मला नको ते सुनावलं. बाबांनी माझी पिशवी उचलली, सरांना नमस्कार केला आणि मला घेऊन बाहेर पडले. फाटकाबाहेर मी म्हणाले, मी आता खेळणार नाही.

“बरं,” बाबा म्हणाले. थोडं चालून झाल्यावर पुढे म्हणाले, “पण आज ठरवू नको. आज तू ठरवायली न्हाईस, हार ठरवायलीय.”

पुढे कितीतरी दिवस त्यांनी खेळाचा विषय काढला नाही. एका संध्याकाळी मी आपणहून बूट घातले. ते दारातच चहा पीत बसले होते. पाय बाजूला घेऊन त्यांनी मला वाट दिली, बस.

आज मी शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. सामन्यानंतर मुलींच्या आधी मला त्यांच्या आईवडिलांना आवरावं लागतं. बाबा आता नाहीत; असते तर दोन पालक त्यांच्या हवाली केले असते.

ते आठवतात तेव्हा मात्र मैदानावरचे आठवत नाहीत. कॉलेजात सराव करताना माझा गुडघा गेला. नांदेडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करू म्हटलं, पण खेळणं आता विसरा असंही सांगितलं. स्टेशनवर येईपर्यंत मी शांत होते. बाकावर बसल्यावर पाहिलं तर बाबा रडत होते. इतक्या वर्षांत त्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं.

“मला लय वाटायचं गं, तू जिंकावं म्हणून,” ते म्हणाले. “सामना असला की आदल्या दिवसापासून घास उतरायचा न्हाई.”

मला हे कधीच कळलं नव्हतं. जिंकले काय, हरले काय, यांना सारखंच, असं मी धरून चालले होते. ही एवढी हौस त्यांनी माझ्या अंगावर कधी पडू दिली नव्हती.

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि रुळांकडे बघत विचारलं, “आता रविवारी मी कुठं जाऊ?”

 मी त्यांचा हात हातात घेतला. आमची गाडी आली, थांबली, निघून गेली. दोघंही उठलो नाही.