दोरीच्या पलीकडचं सूप

आमचे हे कुणाकडे जेवायला गेले, की यांचं लक्ष आधी हात धुवायच्या जागेकडे. फूड इन्स्पेक्टर होते ना! मेळावा असो, प्रदर्शन असो, खाण्याचे स्टॉल लागले की हे थर्मामीटर घेऊन हजर. सूप कोमट सापडलं, स्टॉल बंद. साबण नाही, स्टॉल बंद. लोक यांना चळाचळा कापायचे. घरी मात्र माझ्या हातच्या जेवणाला कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट. विचारलं तर म्हणायचे, "ठीक आहे." आता हा शेरा समजायचा की कौतुक?

हे निवृत्त झाले आणि मी मनावर घेतलं, आपणच स्टॉल लावायचा. भाज्यांचं सूप आणि पाव. यांनी नाक मुरडलं, पण परवान्यासाठी माझ्याबरोबर खेटेही घातले. मदतनीस म्हणून स्वतःचं नावही लावलं, फक्त शेगडीकडे फिरकणार नाही या अटीवर. शेवटी मैदानावरच्या तीन दिवसांच्या क्रीडास्पर्धांसाठी परवाना मिळाला. दहाच्या आत स्टॉल उघडला नाही, तर मात्र जागा दुसऱ्याला जाणार होती आणि मी पुन्हा रांगेच्या शेवटी.

आणि नेमकं पहिल्याच दिवशी पहाटे माझं पोट बिघडलं. उलटीचा आवाज जाऊ नये म्हणून मी बाथरूमचा नळ सोडून ठेवला. बाहेर येते तो हे दारात उभे, हातात टॉवेल.

"आज तू अन्नाला हात लावायचा नाहीस."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

माझं डोकंच फिरलं. "जन्मभर दुसऱ्यांचे स्टॉल बंद केलेत, आता बायकोचाही करा," म्हटलं, आणि पलंगावर बसून रडले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात धडामधुडुम सुरू झालं. जाऊन बघते तर हे मोठं पातेलं शोधत होते, आणि पातेलं होतं यांच्या नाकासमोर.

सूप जागेवरच शिजवायचं, असा नियम. दहाच्या आधी यांनी शेगडी पेटवली. डोक्याला टोपी, पुढे ॲप्रन, हातात मोजे. ज्या माणसाने कधी चहा केला नाही, तो माणूस! मला खाण्याच्या स्टॉलांभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर खुर्ची टाकून दिली होती.

"मीठ किती?" यांनी तिथून विचारलं.

"अंदाजाने घाला."

"अंदाजाने म्हणजे किती ग्रॅम?"

शेजारची सरबतवाली हसून हसून बेजार झाली.

शेवटी हे चमच्यात सूप घेऊन निघाले. खाली दुसरा हात धरून, गर्दीतून वाट काढत दोरीपर्यंत आले. मी चाखलं. निव्वळ गरम पाणी. "मीठ घाला," म्हटलं. चमचा वेगळ्या डब्यात टाकला, हात धुतले, मोजे बदलले, की पुन्हा शेगडी, आणि पुन्हा नवा चमचा घेऊन माझ्याकडे. इतक्या वर्षांत यांनी मला पाण्याचा पेला आणून दिला नव्हता, खोटं कशाला सांगू? पोटात ढवळत होतं, तरी मला त्या फेऱ्या थांबूच नयेत असं वाटत होतं.

दुपारी तपासणीला आलेली मुलगी यांच्याच हाताखाली शिकलेली. "सर, परवाना काकूंच्या नावावर ना? मग त्या तिकडे का?"

मी मनातल्या मनात यांना विनवत होते, दमली आहे म्हणा हो, एवढंच म्हणा.

"तिला पहाटे उलट्या झाल्यात," यांनी सरळ सांगून टाकलं. "म्हणून बाहेर बसवलंय. कशालाही हात लावलेला नाही."

तिने थर्मामीटर बुडवला, पाणी बघितलं, साबण बघितला. "बरोबर केलंत सर," म्हणाली आणि सही करून गेली. स्टॉल वाचला.

पातेलं रिकामं झालं तेव्हा हे माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसले. पायांत गोळे आले होते.

"बंद करायला मला एक सही लागायची गं," हे म्हणाले. "उघडायला काय काय लागतं, ते मी कधी बघितलंच नाही."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "उद्या मी बरी असेन."

"बरं वाटलं तरी दोन दिवस थांबायचं असतं. उद्याही मीच उभा राहतो. तू फक्त चव सांग."

मी यांचा हात हातात घेतला. माझा असला आजारी हात, पण हे धुवायला उठले नाहीत हो.